रिपोर्टवर पडल्याची वेळ लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना उजाडला की आपल्या कोकण आवृत्तीत एक बातमी ठरलेली असते. आंबे काढताना फांदी मोडली, कलमावरून पडून तरुण जखमी, अधिक उपचारांसाठी हलवले. यंदा तशी चार ओळींची बातमी आमच्याच घरातली होती. माझा पुतण्या, वय २७. (तुम्ही ३७ छापलेत. त्यावरून मित्र त्याला अजून चिडवतात.) पण हे पत्र त्यासाठी नाही. तो रुग्णालयात असतानाच आपल्या आरोग्याच्या पानावर एक चौकट आली होती, ‘पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे शरीरात संसर्ग’ अशा अर्थाची. तिचा फोटो आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि पुढचे आठ दिवस सगळे घर एका बाजूला आणि मी एका बाजूला अशी अवस्था झाली. म्हणून लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही. सिंधुदुर्गातल्या सरकारी दवाखान्यांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून ३१ वर्षे काढली. त्यातली पहिली कितीतरी वर्षे यंत्र नव्हते, पांढऱ्या पेशी डोळ्यांनी मोजायच्या. पिपेटमध्ये अर्ध्या खुणेपर्यंत रक्त, ११च्या खुणेपर्यंत टर्क्स फ्लुइड (लाल पेशी विरघळवणारे द्रावण), हलवून न्यूबाउर चेंबरवर, म्हणजे मोजणीच्या आखीव काचेवर, थेंब सोडायचा आणि चार कोपऱ्यांच्या चार मोठ्या चौकटींतल्या पेशी मोजून ५०ने गुणायचे. धडधाकट माणसाच्या चार चौकटींत मिळून साधारण ८० ते २२० पेशी भरतात, म्हणजे रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये ४ ते ११ हजार. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरू नये म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत पंधरा वॉटचा बल्ब जळत ठेवायचा, हाही त्या नोकरीचाच भाग. एवढे सांगायचे कारण, पांढरी पेशी ही माझ्यासाठी रिपोर्टवरचा आकडा नाही. दिवसाला हजारोंनी पाहिल्या आहेत.

तर पुतण्याचे. सकाळी साडेआठच्या सुमारास तो घळ (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन कलमावर होता. शेंड्याकडच्या चार फळांसाठी पाय पुढे टाकला, ती फांदी भिरूडाने, म्हणजे खोडकिड्याने, आतून पोखरलेली निघाली. खाली जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. डावी मांडी मोडली, त्याच बाजूच्या चार बरगड्या गेल्या. बाहेर रक्ताचा थेंब नाही. फक्त कोपराला खरचटलेले. पण मांडीचे हाड मोडले की लिटरभर रक्त आतल्या आत साचू शकते, हे बघ्यांच्या लक्षात येत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात पायाला स्प्लिंट लागला, सलाईन लागले, १०८ची गाडी येईपर्यंत जांभळ्या टोपीच्या बाटलीत रक्त घेऊन तपासलेसुद्धा. साडेअकराला रिपोर्ट ग्रुपवर. टोटल काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची एकूण मोजणी, २१,४००, पुढे ठळक अक्षरात ‘हाय’.

तीन तास झाले होते पडून. तीन तास!

माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. "वयनी, रगतात इन्फेक्शन झाला म्हणतत." म्हणतत म्हणजे कोण, तर डोंबिवलीचा भाचा. तो औषध कंपनीत हिशेब लिहितो, त्यामुळे घरात त्याचा शब्द औषधातला शेवटचा. त्याने तिकडून डॉक्टरांना फोन लावून ‘हायर अँटिबायोटिक’ सुरू करा म्हणून सांगायला सुरुवातही केली होती.

संपादक महोदय, कोणताही जंतू रक्तात शिरून, वाढून, तीन तासांत एवढा काउंट नेत नाही. मग २१,४०० आले कुठून?

वाडीत पेंढ्याची उडवी पेटली की पहिल्यांदा कोण धावते? पारावर बसलेले. हाळी ऐकली की ते उठतात आणि रस्ता माणसांनी भरून जातो. गावात माणसे वाढलेली नसतात, बसलेली उठलेली असतात. रक्तवाहिन्यांत असेच असते. न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशींपैकी जवळजवळ निम्म्या वाहत्या रक्तात नसतातच, वाहिन्यांच्या भिंतींना टेकून असतात. सुईने शिरेतून रक्त ओढतो तेव्हा त्या आपल्या हाती लागत नाहीत. माणूस पडला, हाड मोडले, वेदना आणि भीती यांनी ॲड्रिनॅलिन सुटले, की काही मिनिटांत या टेकलेल्या पेशी भिंत सोडून धारेला लागतात. काउंट दीडपट-दुप्पट होतो तो असा. जोरात धावून आलेल्या माणसाचा, कळा देणाऱ्या बाईचा, फेफरे येऊन गेलेल्या माणसाचाही काउंट वाढलेला मी पाहिला आहे. विंचू चावलेल्याचा तर हमखास. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून माणसे वाचवली, ती नेमक्या याच ॲड्रिनॅलिनच्या पुराशी झुंजून. त्या विंचवाच्या नांगीत जंतू कुठे असतात?

ही पहिली लाट. दुसरी हाडांच्या मगजातून येते. मगजात तयार न्यूट्रोफिलचा साठा असतो, वाहत्या रक्तात असतो त्याच्या कितीतरी पट. मोडलेल्या ठिकाणाहून निघालेले रासायनिक निरोप आणि ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल यांच्या सांगण्यावरून काही तासांत हा साठा बाहेर पडू लागतो. मार फार मोठा असेल तर मिसरूड न फुटलेली पोरेसुद्धा धाडली जातात. पिकलेल्या न्यूट्रोफिलचे केंद्रक तीन ते पाच गाठींचे असते, कोवळीचे नुसते वाकवलेल्या दांडीसारखे. लिश्मन स्टेनने रंगवलेल्या काचेवर ते जांभळे दिसते, आणि एकदा ओळख पटली की विसरत नाही. साधे यंत्र या दांड्या वेगळ्या मोजत नाही, काचच करावी लागते, म्हणजे रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून डोळ्यांनी पाहावा लागतो. काच करायला हल्ली कोणाला वेळ नसतो, पण तो विषय काढला तर पत्र संपायचे नाही.

पुतण्याच्या रिपोर्टवर मी टोटल काउंट पाहिलाच नाही. खालची ओळ पाहिली, शंभर पांढऱ्या पेशींत कोणत्या जातीच्या किती ते सांगणारी. न्यूट्रोफिल ९१, लिम्फोसाइट ४, मोनोसाइट ५, इओसिनोफिल शून्य. आमच्या भागात, जिथे भाताच्या खाचरात अनवाणी वावर, पोटात जंत, दाराशी धूळ, तिथे जंतांनी-धुळीने वाढणारी इओसिनोफिल शून्य विरळाच दिसते. कॉर्टिसॉल चढले की लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल रक्तातून नाहीसे होतात. म्हणजे पोराच्या शरीराला मोठा धक्का बसला आहे, आणि शरीराने तो बरोबर ओळखला आहे, एवढाच त्या कागदाचा अर्थ. मी जावेला म्हटले, आज हा काउंट ६ हजार आला असता तर मी घाबरले असते.

हे ऐकून भाच्याने विचारलेला प्रश्न मात्र चांगला होता. जंतूच नाहीत तर एवढ्या पेशी धावून जातात कशाला? कातडीसुद्धा फाटलेली नाही.

याचे उत्तर दोन टप्प्यांनी मिळाले आहे. १८८२मध्ये इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ इटलीत मेस्सिना इथे, समुद्राकाठी राहत होता. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात त्याने बारीक काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. याच पाठपुराव्यावर त्याला १९०८चे नोबेल मिळाले, पाउल एर्लिकबरोबर विभागून. काटा टोचला म्हणूनही पेशी जमतात, एवढे तेव्हापासून ठाऊक आहे. जमायला निरोप कोण देतो, हे कळायला सव्वाशे वर्षे गेली.

तो निरोप देतो आपल्याच पेशींतला घरजावई. पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया हे फार फार पूर्वी स्वतंत्र जिवाणू होते, पुढे पेशीत राहायला आले ते कायमचे. इतक्या पिढ्या झाल्या की कोणी त्यांना परके मानत नाही. पण त्यांचा डीएनए आणि काही प्रथिनांची ठेवण अजून जिवाणूच्याच वळणाची आहे. मांडीचा स्नायू चिरडला, हजारो पेशी फुटल्या, की हा घरजावई जुन्या वेषात रस्त्यावर येतो आणि न्यूट्रोफिलला वाटते, जिवाणू शिरले! बॉस्टनचे शल्यचिकित्सक कार्ल हाउझर आणि सहकाऱ्यांनी हे २०१०मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. जखमी माणसांच्या रक्तात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए त्यांना निरोग्यांपेक्षा कितीतरी जास्त सापडला. म्हणूनच मोठा मार लागलेला माणूस आणि जंतूंनी ग्रासलेला माणूस पहिल्या दिवशी कागदावर सारखे दिसतात. ताप, जलद नाडी, जलद श्वास, चढलेला काउंट, सगळे तेच. भाच्याचा गोंधळ झाला यात त्याचा दोष नाही, न्यूट्रोफिलचाही तोच गोंधळ होतो.

माझी मुलगी पुण्यात एमएस्सी करत असताना तिने मला २०११चा एक शोधनिबंध छापून दिला होता. अजून माझ्या कपाटात आहे. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून १६७ गंभीर जखमींच्या पांढऱ्या पेशींमधली जनुके वेळोवेळी तपासली. पेशींच्या एकूण कामकाजापैकी ८० टक्क्यांहून अधिक भाग बदललेला. हे संशोधकांनाही अपेक्षित नव्हते, त्यांनी त्याला ‘जनुकीय वादळ’ म्हटले. पूर्वी असे शिकवायचे की आधी दाह भडकतो, मग काही दिवसांनी शरीर तो विझवायला घेते. इथे दिसले की भडकवणे आणि विझवणे दोन्ही एकदमच सुरू होते, आणि त्याच वेळी लिम्फोसाइटची बाजू दाबली जाते. ज्यांना पुढे गुंतागुंत झाली त्यांच्यात वेगळे असे काही घडले नव्हते. तेच वादळ जास्त जोराचे होते आणि जास्त दिवस रेंगाळले. फयान चक्रीवादळ ज्यांनी किनाऱ्यावर पाहिले त्यांना हे वेगळे सांगायला नको. वारा किती सुटला याच्याइतकेच तो किती वेळ टिकला यावर कौले ठरतात.

हे सगळे मी ग्रुपवर लिहिले का? नाही. ग्रुपवर मी एवढेच लिहिले की आज कोणी डॉक्टरांना फोन करू नये. लागलीच दोघे ग्रुप सोडून गेले.

पुढचे आकडे सांगते, कारण खरी गोष्ट त्यातच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी १७,०००. दुपारी मांडीत रॉड टाकला. तिसऱ्या दिवशी १८,६००. पुन्हा आरडाओरडा, ‘ऑपरेशननंतर वाढले, थिएटरमध्येच इन्फेक्शन झाले’. अहो, शस्त्रक्रिया म्हणजे शरीराच्या दृष्टीने दुसऱ्यांदा पडणेच की. सुरी डॉक्टरांची आहे हे न्यूट्रोफिलला कसे कळावे? चौथ्या दिवशी १३,८००, पाचव्या दिवशी ११,२००, आणि खालच्या ओळीत इओसिनोफिल २. ते २ पाहून मला जो आनंद झाला तो घरात कोणाला समजावता आला नाही. कॉर्टिसॉल उतरले होते, वादळ ओसरत होते. जावेने त्या दिवशी रामेश्वराला नारळ ठेवला.

सातव्या दिवशी १६,३००.

आणि ग्रुपवर एक अवाक्षर नाही. एकाने तर अंगठा दाखवला. मीच फोन केला तर जाऊ म्हणाली, "एकवीस हजारावरसून सोळार इलो, मगे बराच मा?" भाचाही निवांत. पहिल्या दिवशीच्या २१ने ज्यांची झोप उडाली होती, त्यांना सातव्या दिवसाचे १६ हा उतार वाटला. कारण ग्रुपवर फक्त पहिला आणि शेवटचा कागद होता, मधले ११,२०० कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते.

मी रिपोर्टचा फोटो मोठा करून खालची ओळ पाहिली. इओसिनोफिल पुन्हा शून्य. पोराला विचारले, तर संध्याकाळी थंडी वाजली होती, आणि खोकला आला की बरगड्यांत कळ येते म्हणून तो दोन दिवस खोकला दाबत होता. मोडक्या बरगड्यांचा माणूस दुखते म्हणून खोल श्वास घेत नाही, कफ तळाशी साचतो. शिवाय पहिल्या आठवड्यातल्या त्या वादळानंतर लिम्फोसाइट आणि मोनोसाइट मरगळलेल्या असतात. जंतूंना खरी संधी मिळते ती तेव्हा. मी वॉर्डातल्या डॉक्टरांना फोन केला आणि भीतभीतच म्हटले, काच करून बघता येईल का? त्यांनी, नाव लिहीत नाही पण आभार मानते, वेळ न दवडता काच करून घेतली, छातीचा एक्स-रे काढला. शंभरात १४ दांड्या, म्हणजे कोवळ्या पेशी. डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. थुंकी कल्चरला पाठवून औषध बदलले. जे ‘हायर अँटिबायोटिक’ पहिल्याच दिवशी हट्टाने सुरू करायला लावले जाणार होते, ते खरोखर लागले ते सातव्या दिवशी. आधीच खर्ची पडले असते तर सातव्या दिवशीचा जंतू कदाचित त्याला दाद देईनासा झालेला असता.

माझे म्हणणे असे मुळीच नाही की पहिल्या दिवशीचा वाढलेला काउंट म्हणजे काहीच नाही. उघडी जखम असेल, हाड बाहेर आले असेल, पोटात आतडे फुटले असेल, तर अँटिबायोटिक पहिल्या तासापासून द्यावे लागते. ते काउंटवरून नाही, जखमेवरून ठरते, आणि ठरवायचे डॉक्टरांनी. उलट म्हाताऱ्या माणसात किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्यात काउंटवर भरवसाच ठेवता येत नाही. काही जणांत जंतू शिरूनही तो वाढत नाही, काहींत ४ हजारांच्या खाली जातो, आणि ती फार वाईट खूण. सीआरपी नावाची, दाह किती ते दाखवणारी दुसरी तपासणी लोक हल्ली हौसेने करून आणतात. तीसुद्धा नुसत्या माराने चढते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाते, तेव्हा तिचाही एकटा कागद बघून उपयोग नाही.

सांगायचे ते वेळेबद्दल. आम्ही हाताने मोजायचो तेव्हा माझ्या रजिस्टरमध्ये एक जादा रकाना मी स्वतः आखला होता. ‘पडून ३ तास’, ‘चावून ५ तास’, ‘ऑपरेशन होऊन २ दिवस’. तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले, हा रकाना नमुन्यात नाही, काढून टाका. मी काढला नाही, पेन्सिलीने लिहू लागले. आता यंत्राच्या छापील कागदावर यंत्राचे नाव असते, कागद किती वाजता छापून निघाला ते असते, कधीकधी प्रयोगशाळेच्या मालकाचा फोटोही असतो. माणूस कधी पडला ते नसते. खासगी असो वा सरकारी, प्रयोगशाळांनी रक्त घेतल्याची वेळ आणि इजा झाल्याची वेळ शेजारी शेजारी छापली, आणि त्याखाली आधीचे तीन काउंट दिले, तर खर्च शाईचा. तोवर नातेवाइकांनी एवढे करावे. फाइलच्या पुठ्ठ्यावर मार्कर पेनने मोठ्या अक्षरात पडल्याची तारीख-वेळ लिहावी आणि रिपोर्ट तारखेवार लावावेत, नवीन खाली. आमच्या फाइलवर ते मी सातव्या दिवशी लिहिले, पहिल्याच दिवशी लिहायला हवे होते. ३१ वर्षे नोकरी करून घरच्या माणसाच्या वेळी विसरले, हे कबूल करते.

आपल्या आरोग्याच्या पानावर त्या चौकटीची दुरुस्ती यावी, एवढी विनंती. ‘सैनिक’, ‘शत्रू’ हे शब्द वापरून लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, सैनिक निघाले म्हणजे शत्रू आलाच. दर वेळी तसे नसते. आंब्याच्या आणि नारळाच्या दिवसांत तर आमच्याकडे माडावरून पडलेला पाडेली, कलमावरून पडलेला नेपाळी गडी, होडी ओढताना पाय अडकलेला खलाशी, असे कोणी ना कोणी दवाखान्यात असतेच. त्यांच्या घरच्यांच्या हाती तो कागद पडतो.

पुतण्या १९ दिवसांनी घरी आला. सध्या वॉकर घेऊन खळ्यात फेऱ्या मारतो. घळ त्याच्या आईने माळ्यावर टाकली आहे, आणि माळ्याची शिडी शेजाऱ्यांकडे.

दुरुस्ती छापाल तेव्हा त्याचे वयही दुरुस्त करून २७ करावे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग

(घरच्यांचा उल्लेख असल्याने नाव छापू नये. ग्रुपवर अजून परत यायचे आहेत दोघे.)